पीककापणी प्रयोग व भंडारा जिल्ह्यातील धानाचे अनुमान

पीककापणी प्रयोग : एखाद्या प्रदेशातील पिकाचे दर हेक्टरी उत्पादन ठरविण्यासाठी यादृच्छिक रीतीने निवडलेल्या शेतांतील ठराविक मापाचे तुकडे कापून, मळून व तोलून केलेले प्रतिदर्श सर्वेक्षण. प्रयुक्त सांख्यिकीने भारतीय शेतीस दिलेल्या साधनांपैकी हे सर्वांत व्यापक होय. अन्नधान्याची शासकीय आकडेवारी व पीकविम्याची भरपाई या दोन्ही गोष्टी मुख्यतः त्यावर आधारलेल्या असून दुष्काळी परिस्थिती ठरवितानाही त्याचा आधार घेतला जातो. पूर्व विदर्भातील भंडारा जिल्ह्यात धान (भात) हे खरिपाचे प्रमुख पीक असल्याने तेथील शेतकऱ्याचा या सांख्यिकीय पद्धतीशी दर हंगामात प्रत्यक्ष संबंध येतो. ही पद्धत घडविण्यात मराठी सांख्यिकींचा वाटा मोठा आहे.

पूर्वपीठिका : भंडारा जिल्हा पूर्वी मध्य प्रांत व वऱ्हाडात मोडत असे. तो १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ मे १९९९ रोजी त्याच्या पूर्व भागाचा स्वतंत्र गोंदिया जिल्हा करण्यात आला. वैनगंगेचे खोरे, मालगुजारी तलाव व शेताशेतांतील लहान बोड्या यांच्या आधारे येथील धानशेती चालत आली आहे. पाऊस एकंदरीने समाधानकारक असला, तरी तो सप्टेंबरच्या उत्तरार्धात लवकर थांबल्यास उशिरा निसवणारे भारी धान वाळते. लवकर तयार होणारे हलके धान मात्र त्यातून निभावून जाते. साहजिकच एकाच गावात एकाच वर्षी एका बांधीत भरघोस पीक व दुसरीत केवळ तणस अशी स्थिती आढळते. अशा ठिकाणी ‘गावाचे पीक किती?’ या प्रश्नाचे उत्तर केवळ नजरेने देणे कठीण असते.

तथापि ब्रिटिश अमदानीत हे उत्तर नजरेनेच दिले जाई. पूर्ण पीक १६ आणे मानून गावकामगार चालू पीक किती आणे आहे हे सांगत असे. त्यावरून वरिष्ठ अधिकारी जिल्ह्याचा आकडा तयार करीत. आणेवारीच्या या पद्धतीत दोन दोष होते. ज्याच्याशी तुलना करावयाची ते ‘सामान्य पीक’ प्रत्यक्षात कोणीच मोजलेले नसे. शिवाय अंदाज करणारा माणूस सावधपणाने मध्याकडे झुकत असल्याने उत्तम वर्षाचा अंदाज कमी व वाईट वर्षाचा अंदाज जास्त येई. दुसरा दोष अधिक घातक होता, कारण शेतसाऱ्यातील सूट व दुष्काळी कामे यांचा निर्णय या आकड्यावर अवलंबून असे. मध्य प्रांताने १८९६–९७ व १८९९–१९०० असे दोन मोठे दुष्काळ सोसले होते.

यादृच्छिक निवडीचा उदय : पीक नजरेने न ठरविता कापून पाहण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकातही होती, पण कापावयाचे शेत अधिकारी स्वतः ‘सर्वसाधारण’ म्हणून निवडीत असे. ही निवड माणसाच्या मर्जीतून काढून घेण्याचा पहिला मोठा प्रयत्न सर जॉन ऑस्टिन हबक या सनदी अधिकाऱ्याने बिहार व ओरिसातील भातावर १९२३–२५ या काळात केला. त्याने एक एकराच्या १/३,२०० एवढे क्षेत्र व्यापणारी त्रिकोणी चौकट वापरली व आपले निष्कर्ष १९२७ मध्ये प्रसिद्ध केले. आधुनिक सांख्यिकीचे एक प्रवर्तक रॉनल्ड एल्मर फिशर यांनी रॉथॅमस्टेड येथील आपल्या पद्धतींवर हबकच्या कामाचा प्रभाव पडल्याचे पुढे मान्य केले.

रॉथॅमस्टेड व लंडन येथून ही विद्या शिकून आलेल्यांत मराठी संशोधक अग्रभागी होते. रा. ज. कळमकर यांनी रॉथॅमस्टेड येथे गहू व बटाटा यांच्या क्षेत्रप्रयोगांवर काम करून १९३२ मध्ये प्रतिदर्श तंत्राविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे (१९११–९७) हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन त्यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३६ मध्ये पीएच्‌.डी. संपादन केली. १९४० मध्ये ते तत्कालीन इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च या संस्थेत दाखल झाले. विनायक गोविंद पानसे हे इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसाच्या आनुवंशिकीवर काम करीत असतानाच सर्वेक्षणांकडे वळले. पानसे व कळमकर यांनी पिकांच्या उत्पादनाचे पूर्वानुमान व अनुमान या विषयावरील निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध केला आणि पुढील वर्षी कापसाच्या मोठ्या सर्वेक्षणाचे निष्कर्ष मांडले. या कामांचा एक विशेष असा, की त्यांत सांख्यिकी, कृषितज्ञ व महसुली कर्मचारी हे तिघे एकत्र आले. सांख्यिकीने केवळ जमलेल्या आकड्यांची बेरीज करावयाची नसून आकडे कोठून व कसे जमवावयाचे हे आरंभीच ठरवावयाचे, ही भूमिका त्यांतून रूढ झाली.

तुकड्याच्या आकाराचा वाद : १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने अन्नधान्याच्या विश्वसनीय आकडेवारीची निकड तीव्रतेने जाणवून दिली. याच सुमारास प्रशांतचंद्र महालनोबीस व सुखात्मे यांच्यात कापणीचा तुकडा केवढा असावा यावर वाद झाला. महालनोबीस यांचा भर लहान तुकडे व त्यांसाठी खास शिकविलेली फिरती पथके यांवर होता. सुखात्मे यांना मोठे तुकडे हवे होते व ते काम गावातील महसूल व कृषी खात्यांच्या नित्याच्या कर्मचाऱ्यांकडूनच करून घ्यावे, असे त्यांचे मत होते.

वादाचे मर्म साध्या भूमितीत आहे. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सु. १२·६ चौ. फूट असून परिघही सु. १२·६ फूट असतो. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे एक फूट सीमा येते. याउलट ३३ फूट बाजू असलेल्या समभुज त्रिकोणाचे क्षेत्रफळ सु. ४७१ चौ. फूट व परिमिती ९९ फूट असते. म्हणजे प्रत्येक चौरस फुटामागे सीमा सु. पाव फुटाहूनही कमी असते. सीमारेषेवर उभे असलेले रोप आत धरावयाचे की बाहेर, हा निर्णय कापणाऱ्याच्या हातात असतो आणि संशय आला की हात ते आत ओढतो. त्यामुळे तुकडा जितका लहान, तितके उत्पादन खऱ्याहून अधिक दिसते. ही चूक कितीही तुकडे कापले तरी नाहीशी होत नाही. कारण ती यादृच्छिक नसून एकाच दिशेची असते. सुखात्मे यांनी गव्हाच्या शेतांत वेगवेगळ्या आकारांचे तुकडे कापून हे दाखवून दिले व १९४६ मध्ये नेचर या नियतकालिकात मांडले. पुढे बहुतेक राज्यांनी मोठ्या तुकड्याची पद्धत स्वीकारली. पश्चिम बंगालमध्ये मात्र वर्तुळाकार तुकडा टिकून राहिला.

सुखात्मे यांचा प्रतिदर्श सर्वेक्षणांवरील ग्रंथ व पानसे-सुखात्मे यांचे शेती क्षेत्रातील कार्यकर्त्यांसाठी लिहिलेले सांख्यिकीय पद्धतींचे पाठ्यपुस्तक या काळात प्रसिद्ध झाले. दुसऱ्या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९५४ ची असून कृषी महाविद्यालयांतील अनेक पिढ्या त्यावर शिकल्या. सुखात्मे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले. त्यानंतर संशोधन परिषदेतील सांख्यिकीय कार्याचे नेतृत्व पानसे यांच्याकडे आले.

पद्धती : प्रयोगाची योजना बहुस्तरीय असते. तालुका किंवा महसूल मंडळ हा स्तर धरून त्यातील गावे, गावातील त्या पिकाची शेते व शेतातील तुकडा यांची क्रमाने यादृच्छिक निवड करतात. निवडलेल्या गावात सामान्यतः दोन शेते घेतात. गावागावांतील फरक एका गावातील शेताशेतांतील फरकाहून मोठा असतो. म्हणून एका गावात पुष्कळ तुकडे कापण्यापेक्षा अधिक गावे घेणे श्रेयस्कर ठरते. शेताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यापासून लांबी व रुंदी यांच्या दिशेने यादृच्छिक संख्यांइतकी पावले मोजून तुकड्याचा आरंभबिंदू निश्चित करतात. अनेक राज्यांत बहुसंख्य पिकांसाठी ५ मी. × ५ मी. असा तुकडा आखतात. कापलेले धान मळून, उफणून तोलतात. ओल्या धानाचे वजन फसवे असल्याने काही नमुने वाळवून पुन्हा तोलतात व त्यावरून घट ठरवितात.

भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात खरी अडचण वेळेची असते. हलके धान आधी, मध्यम नंतर व भारी धान सर्वांत शेवटी कापणीस येते. कर्मचारी येण्यापूर्वी निवडलेली बांधी कापली गेली, तर तिच्याऐवजी जवळची उभी असलेली बांधी घेण्याचा मोह होतो. असे झाल्यास निवड यादृच्छिक राहत नाही आणि हबकपूर्व काळातील ‘सर्वसाधारण शेत’ मागील दाराने परत येते. हे काम महसूल, कृषी व ग्रामविकास या खात्यांच्या गावपातळीवरील कर्मचाऱ्यांत वाटलेले असल्याने त्याच्या तपासणीची निकड असते. त्यासाठी केंद्र व राज्य शासनांनी १९७३–७४ पासून पीक-आकडेवारीच्या सुधारणेची स्वतंत्र योजना राबविली.

विद्यापीठीय संशोधनाशी संबंध : विदर्भासाठी २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोला येथे स्थापन झालेल्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचे धानाचे एक संशोधन केंद्र भंडारा जिल्ह्यातील साकोली येथे आहे. साकोलीच्या नावाने ओळखले जाणारे धानाचे वाणही तेथून प्रसारित झाले. वाणांच्या तुलनेतही सांख्यिकीचे काम तेच असते : नव्या वाणाला चांगली जागा व जुन्याला वाईट जागा मिळू न देणे. उतारावरील बांध्यांत वरच्या बांधीपेक्षा खालच्या बांधीत ओल अधिक टिकते. म्हणून सारख्या ओलीच्या बांध्यांचा एक गट करून त्या गटात सर्व वाण चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वाटतात. फिशरप्रणीत यादृच्छिक गट-अभिकल्प तो हाच. प्रयोगक्षेत्रावरील उत्पादन शेतकऱ्याच्या बांधीत कितपत उतरते, हे मात्र पीककापणीच्या आकड्यांवरूनच कळते.

पीकविमा : या आकड्यांना नवे महत्त्व वि. म. दांडेकर (१९२०–९५) यांच्यामुळे आले. दांडेकर मूळचे सांख्यिकी असून पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे दीर्घकाळ संचालक होते. धर्म नारायण यांच्या अध्यक्षतेखालील तज्ञ समितीने १९७० मध्ये पीकविमा अव्यवहार्य ठरविला होता. गुजरातेतील एच-४ कापसापासून १९७२–७३ मध्ये सुरू झालेल्या व प्रत्येक शेताचे नुकसान स्वतंत्रपणे ठरविणाऱ्या योजनेत १९७८–७९ पर्यंत ३,११० शेतकरी सहभागी झाले. त्यांनी ४·५४ लाख रु. हप्ता भरला, भरपाई ३७·८८ लाख रु. द्यावी लागली. दांडेकर यांनी १९७६ मध्ये वेगळा मार्ग सुचविला. नुकसान शेताचे न मोजता क्षेत्राचे मोजावे. पीककापणी प्रयोगांनी ठरलेले सरासरी उत्पादन ठराविक मर्यादेखाली गेल्यास त्या क्षेत्रातील सर्व विमाधारकांना सारख्या प्रमाणात भरपाई मिळावी. हे तत्त्व १९७९ च्या प्रायोगिक योजनेत प्रथम अमलात आले. १९८४–८५ पर्यंत तीत ६·२७ लाख शेतकरी सहभागी झाले व सु. १·९७ कोटी रु. हप्त्यासमोर सु. १·५७ कोटी रु. भरपाई देण्यात आली. १९८५, १९९९ व २०१६ च्या राष्ट्रीय योजनांनीही मुख्यतः हेच तत्त्व पुढे चालविले.

२०१६ च्या योजनेत मागील सात वर्षांपैकी उत्तम पाच वर्षांच्या सरासरीवरून उंबरठा उत्पादन ठरविले जाते. ते हेक्टरी २० क्विंटल व चालू वर्षाचे खरे उत्पादन १५ क्विंटल असेल, तर विमारकमेच्या २५ टक्के भरपाई देय होते. कापणीत एक-दशांश जादा अंदाज आला, तर उत्पादन १६·५ क्विंटल व भरपाई १७·५ टक्के होते. म्हणजे अनुमानातील दहा टक्क्यांची चूक शेतकऱ्याची जवळजवळ एक-तृतीयांश भरपाई हिरावून घेते. सीमेवरचे रोप आत ओढणाऱ्या हाताची किंमत ही अशी असते.

मर्यादा : क्षेत्राची सरासरी हे सत्य असले, तरी ते क्षेत्राचे सत्य असते. तलावाच्या वरच्या लाभक्षेत्रातील बांध्या पिकल्या व शेवटच्या टोकाच्या वाळल्या, तर मंडळाची सरासरी उंबरठ्यावर राहून टोकाचा शेतकरी भरपाईविना राहतो. क्षेत्र लहान केल्यास हा अन्याय कमी होतो. पण प्रत्येक लहान क्षेत्रासाठी पुरेसे प्रयोग करावे लागतात. प्रतिदर्श त्रुटी निम्म्यावर आणण्यासाठी प्रयोगांची संख्या चौपट करावी लागते, हा सांख्यिकीचा नियम येथे आड येतो. प्रयोगांची संख्या भरमसाट वाढली की तेवढ्याच कर्मचाऱ्यांकडून त्यांची गुणवत्ता टिकत नाही. २०२३ च्या खरिपापासून विमा योजनेत धान व गहू यांच्या अनुमानात उपग्रहीय माहितीवर आधारलेल्या पद्धतींना ठराविक भार देण्यास प्रारंभ झाला. तथापि अशा पद्धतींची पारखही जमिनीवर कापून तोललेल्या धानाशी ताडूनच करावी लागते. हबकच्या त्रिकोणी चौकटीपासून आजवर साधने बदलली, परंतु निवड व सीमा या दोन ठिकाणी माणसाच्या मर्जीला वाव न देण्याची मूळ अट कायम आहे. भंडाऱ्यातील एका बांधीत ती किती पाळली गेली, यावर त्या मंडळातील प्रत्येक विमाधारकाचा हक्क अवलंबून असतो.