एका हिमरात्रीने पालटलेला संत्र्यांचा व्यापार

१/ जगात सर्वाधिक लिंबूवर्गीय फळे चीनमध्ये पिकतात. मात्र ताज्या फळांच्या निर्यातीत स्पेन अग्रस्थानी आहे आणि संत्र्याच्या रसाच्या निर्यातीत ब्राझील. पिकवणारा एक आणि विकणारे दुसरे, हे कसे घडले?

२/ चीनचे उत्तर सोपे आहे: तेथील बहुतेक फळे तेथेच खाल्ली जातात. स्पेनचे बळ त्याच्या भूगोलात आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व्हॅलेन्सिया परिसरात व्यापारी बागा उभ्या राहिल्या. पुढे आगबोटी आणि आगगाड्यांनी उत्तर युरोपच्या थंड पेठा जवळ आणल्या. १९८६ मध्ये स्पेन युरोपीय समुदायात सामील झाला आणि जकातीचे अडथळेही क्रमाने दूर झाले.

३/ रसाची कथा निराळी आहे. रस आटवून गोठवण्याचे तंत्र १९४०च्या दशकात अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात विकसित झाले. नासणारे फळ आता साठवता येणारा माल बनले.

४/ डिसेंबर १९६२. फ्लोरिडावर कडाक्याची थंडी कोसळली. फळे गोठली, असंख्य झाडे मेली. अमेरिकी बाजारात रसाचा तुटवडा पडला.

५/ ब्राझीलच्या साओ पावलो राज्यात बागा तयारच होत्या. १९२९च्या मंदीत कॉफीचे भाव कोसळल्यावर अनेक शेतकरी संत्र्याकडे वळले होते. उणीव होती ती कारखान्यांची. ते उभे राहिले आणि १९६३ पासून रस परदेशी जाऊ लागला. १९८०च्या दशकात ब्राझीलने फ्लोरिडाला मागे टाकले. आज जगातील रसनिर्यातीचा सुमारे तीन-चतुर्थांश वाटा त्याच्याकडे आहे.

६/ फ्लोरिडा त्या थंडीतून सावरला, पण पुढे नवे संकट आले. २००५ मध्ये तेथे ‘ग्रीनिंग’ रोग आढळला. २००३-०४ च्या हंगामात २४ कोटी पेट्या संत्री देणारे हे राज्य २०२२-२३ मध्ये २ कोटींच्याही खाली आले. तोच रोग २००४ पासून साओ पावलोतही आहे.

७/ दक्षिण आफ्रिकेने ऋतूंचा लाभ घेतला. युरोपातील बागा रित्या असतात तेव्हा तिथला हंगाम भरात असतो. ताज्या फळांच्या निर्यातीत ती आज स्पेनच्या खालोखाल आहे.

८/ आणि आपण? भारत मोठा उत्पादक आहे, पण निर्यात अल्प. नागपुरी संत्र्याचा मुख्य परदेशी ग्राहक बांगलादेश. अलीकडे त्याने आयातशुल्क वाढवताच विदर्भातील बागाइतदारांना झळ बसली. साओ पावलोतील फळाला कारखान्याचाही मार्ग होता. विदर्भातील बहुतांश फळ अजूनही ताजेच विकावे लागते.