ओढदांडा, जीपगाडीचा

एखादी मोटारगाडी तिची चारही चाके जमिनीवर ठेवून दुसऱ्या वाहनामागे ओढून नेण्यासाठी दोहोंच्या मध्ये जो पोलादी दांडा बसवितात त्याला ओढदांडा किंवा टो बार म्हणतात. दोर वा साखळी फक्त ताण घेऊ शकते. त्यामुळे दोराने ओढलेल्या गाडीत सुकाणू व गतिरोधक सांभाळण्यासाठी माणूस बसावा लागतो. ओढदांडा ताण व दाब दोन्ही घेतो. तो इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा असून त्याचे दोन पाय ओढल्या जाणाऱ्या गाडीच्या सांगाड्याला व शिरोभाग पुढील वाहनाला जोडलेला असतो. या त्रिकोणी रचनेमुळे मागची गाडी पुढच्या वाहनाच्या रेषेत राहते, तिची पुढची चाके आपोआप वळतात आणि तीत चालकाची गरज उरत नाही. खडतर वाटांवर चालणाऱ्या जीपसारख्या गाड्या निवासी मोटारीमागे अशा रीतीने नेण्याची पद्धत मुख्यतः अमेरिकेत रूढ झाली. दांडा दिसण्यास साधा असला, तरी त्याची निवड ही प्रत्यक्षात दोन वाहनांच्या जोडीची निवड असते, ही गोष्ट त्याच्या इतिहासावरून स्पष्ट होते.

इतिहास : जीपचा जन्म दुसऱ्या महायुद्धाच्या गरजेतून झाला. अमेरिकी भूसेनेने १९४० मध्ये हलक्या चौचाकचालित टेहळणी गाडीसाठी मागणी नोंदविली. पेनसिल्व्हेनियातील बटलर येथील अमेरिकन बँटम कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी तिचा आराखडा केला व पहिली गाडी २३ सप्टेंबर १९४० रोजी मेरिलंडमधील होलाबर्ड छावणीत सादर झाली. पुढे विलीज-ओव्हरलँड व फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सु. ६.४ लाख जीपगाड्या बनविल्या. या गाडीचे वजन सु. १,१०० किग्रॅ. होते. तिला स्वतंत्र पोलादी सांगाडा होता आणि मागील बाजूस लहान ट्रेलर व हलकी तोफ ओढण्यासाठी आकडा होता. अर्थात, प्रथमपासून जीप ही ओढणारी गाडी होती. ओढली जाणारी गाडी ती नंतर झाली.

युद्ध संपल्यावर शिलकी लष्करी जीपगाड्या नागरिकांच्या हाती आल्या व १९४५ मध्ये विलीज कंपनीने सीजे-२ए हा नागरी नमुना बाजारात आणला. शेतीकामाच्या दृष्टीने त्याच्या आसाचे दंतचक्र गुणोत्तर ५.३८ ठेवण्यात आले होते. म्हणजे सर्वांत वरच्या गिअरमध्येही चाकाच्या एका फेऱ्याला एंजिनाच्या ५.३८ फेऱ्या होत. चढणीवर उपकारक असलेले हे गुणोत्तर लांबच्या सपाट रस्त्यावर अडचणीचे ठरे. ताशी ९५ किमी. च्या आसपास एंजिन आपल्या मर्यादेला येऊन भिडे. १९४८ मध्ये आर्थर वॉर्न यांनी सिअ‍ॅटल येथे पुढच्या चाकांसाठी जोडता-सोडता येणाऱ्या तुंब्यांचे उत्पादन सुरू केले. त्या सोडल्या की, पुढची चाके मोकळी फिरत आणि आस व त्याचा चालक दंड स्थिर राहत. या सोयीमुळे जीप रस्त्यावर चालविणे जसे सुसह्य झाले, तसे ती ओढून नेणेही सोपे झाले.

कॅलिफोर्नियातील रुबिकॉन वाटेवरील जीपगाड्यांचा सामूहिक प्रवास १९५३ मध्ये व यूटा राज्यातील मोअ‍ॅब येथील ईस्टरची जीपयात्रा १९६७ मध्ये सुरू झाली. या ठिकाणी शेकडो किमी. अंतरावरून येणाऱ्या हौशी चालकांना खडकाळ वाटेसाठी बदल केलेली गाडी तेथवर आणणे हाच एक प्रश्न होता. १९५६ च्या कायद्याने आंतरराज्य महामार्गांची बांधणी वेगाने सुरू झाली व १९६६ पासून विनेबागो कंपनीच्या निवासी मोटारी निघू लागल्या. मुक्कामाचे घर पुढे आणि वाटेवर चालवायची जीप मागे, अशी जोडी यातून तयार झाली.

प्रकार : प्रारंभीचा दांडा अखंड व ताठ असे. तो स्वस्त व मजबूत असला, तरी जोडताना दोन्ही वाहने नेमकी एका रेषेत आणावी लागत; त्यासाठी दुसऱ्या माणसाची मदत लागे. ही अडचण एकात एक सरकणाऱ्या भुजांच्या दांड्याने दूर केली. त्यात जीप थोडी तिरकी उभी असली तरी भुजा लांबवून जोडता येतात व पुढचे वाहन हलताच त्या ताणल्या जाऊन आपोआप अडकतात. अशा दांड्यांचे दोन उपप्रकार आहेत. एकात दांडा जीपच्या नाकावर दुमडून राहतो, तर दुसऱ्यात निवासी मोटारीच्या मागील चौकोनी ग्राहक नळीत राहतो. खडकाळ वाटेवर नाकावरचा दांडा आपटतो, चिखलाने भरतो व पुढचा भार वाढवितो; म्हणून अशा वापरासाठी दुसरा प्रकार अधिक सोयीचा ठरतो. उतारावर वा तिरक्या जागी थांबल्यास भुजांवर ताण राहून खिळी निघत नाही. हा ताण असतानाही सुटू शकणाऱ्या भुजा नंतर प्रचारात आल्या.

भार व उंची : अमेरिकेतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेच्या वर्गीकरणाप्रमाणे जोडसाधनांचे वर्ग २,००० पौंड (सु. ९०७ किग्रॅ.), ३,५०० पौंड (सु. १,५८८ किग्रॅ.), ५,००० पौंड (सु. २,२६८ किग्रॅ.) आणि १०,००० पौंड (सु. ४,५३६ किग्रॅ.) अशा मर्यादांनी ठरतात. युद्धकालीन जीप दुसऱ्या वर्गात सहज बसे. २००७ नंतरच्या चार दारी रँग्लरचे वजन १,८०० किग्रॅ. च्या पुढे जाते. त्यावर दोरखेच यंत्र, जाड पोलादी बंपर, मोठी चाके व सामान यांची भर पडते. त्यामुळे निवड कारखान्याने छापलेल्या वजनावरून नव्हे, तर प्रत्यक्ष काट्यावर केलेल्या वजनावरून करावी लागते. शिवाय दांडा, ग्राहक नळी, आधारपट्ट व खिळी यांपैकी सर्वांत कमजोर भागाची क्षमता हीच संपूर्ण जोडणीची क्षमता होय.

दांडा शक्यतो आडव्या पातळीत असावा. दोन्ही टोकांच्या उंचीतील फरक साधारणतः १० सेंमी. च्या आत ठेवतात. मोठी चाके व उंच स्प्रिंगा बसविलेल्या जीपचे नाक निवासी मोटारीच्या नळीपेक्षा वर जाते. अशा स्थितीत पुढचे वाहन थांबताना मागून येणारा रेटा तिरका लागतो; जीपचे नाक उचलले जाते व पुढच्या वाहनाचा मागचा भाग दाबला जातो. उंची जुळविणारा पायरीचा तुकडा घालून हा दोष दूर करता येतो. दांडा निखळलाच तर जीप सुटू नये म्हणून दोन्ही बाजूंना पुरेशा क्षमतेच्या सुरक्षा साखळ्या वा तारदोर एकमेकींना छेदून लावतात.

प्रेषण व वंगण : ओढलेल्या गाडीचे एंजिन बंद असते, पण चाके फिरत असतात, सर्वांत महागडे अपघात या विसंगतीतून घडतात. सामान्य स्वयंचलित गिअरपेटीतील तेलपंप एंजिनावर चालतो. एंजिन बंद ठेवून चाकांनी तिचा निर्गम दंड फिरविल्यास आतील भाग वंगणाविना झिजून जळतात. जीपमध्ये मात्र गिअरपेटी व आस यांच्या दरम्यान शक्ती वाटून देणारी दुय्यम दंतचक्रपेटी असते. ती न्यूट्रल स्थितीत ठेवली की, गिअरपेटी चाकांपासून पूर्णपणे तुटते. अलीकडच्या अनेक दुय्यम पेट्यांत तेलपंप मागच्या निर्गम दंडावरच असल्याने ओढताना वंगण चालू राहते. म्हणून रँग्लर ओढताना दुय्यम पेटी न्यूट्रलमध्ये, स्वयंचलित गिअरपेटी ‘पार्क’मध्ये व हाताने बदलावयाची गिअरपेटी गिअरमध्ये ठेवण्याची रीत आहे. पेटी अर्धवट न्यूट्रलमध्ये राहून वाटेत गिअर पडल्यास चाके एंजिनाला उलट फिरवू लागतात. कमी गतीच्या गिअरमध्ये ही फिरण्याची गती मर्यादेच्या कित्येक पट होऊन एंजिन फुटते. यासाठी जोडणीनंतर एंजिन चालू करून, गिअर टाकून गाडी हलत नाही याची खात्री करून घेतात. ज्या चौचाकचालित गाड्यांत न्यूट्रलची सोय नाही, त्या कितीही उत्तम दांडा घेतला तरी या पद्धतीने नेता येत नाहीत.

गतिरोधन : दांडा मागच्या गाडीला वळवितो, पण थांबवीत नाही. ५,००० किग्रॅ. वजनाच्या निवासी मोटारीमागे १,९०० किग्रॅ. ची जीप असल्यास व पुढच्या वाहनाच्या गतिरोधकांचा जोर तेवढाच राहिल्यास थांबण्याचे अंतर सु. ३८ टक्क्यांनी वाढते. पुढचे वाहन ९,००० किग्रॅ. चे असल्यास वाढ सु. २१ टक्के होते. यावरून हलक्या मोटारीमागे धोका अधिक, हे दिसून येते. अमेरिकेत यासंबंधीचे कायदे राज्यागणिक भिन्न असून ३,००० पौंडांहून (सु. १,३६० किग्रॅ.) जड ट्रेलरला स्वतंत्र गतिरोधक असावा, असे अनेक राज्यांत बंधन आहे. जीपमध्ये यासाठी पायदान दाबणारी पूरक यंत्रणा बसवितात. एंजिन बंद असताना निर्वात साहाय्य मिळत नसल्यामुळे पायदानावर अधिक जोर द्यावा लागतो. यंत्रणा निवडताना हे ध्यानात घ्यावे लागते. जोडणी तुटल्यास जीपचे गतिरोधक आपोआप लागावेत म्हणून वेगळी कळ असते. मागील दिवे पुढच्या वाहनाच्या संकेतांनुसार लागणे आवश्यक असते. अशा जोडीला मागे घेता येत नाही. तसे केल्यास जीपची पुढची चाके एका बाजूला पूर्ण वळून दांडा वाकतो.

भारतात विलीज कंपनीच्या परवान्याने महिंद्र कंपनीने मुंबईत जीपची जोडणी सुरू केली व ही गाडी शेती, पोलीस व सरकारी खात्यांत सर्वपरिचित झाली. निवासी मोटारींचा प्रसार न झाल्यामुळे येथे ओढदांडा प्रवासाचे साधन न होता मुख्यतः नादुरुस्त गाडी कर्मशाळेपर्यंत नेण्याचे साधन राहिला. वापर कोणताही असो, दांड्याची ताकद हा निवडीचा शेवटचा मुद्दा ठरतो; ओढली जाणारी गाडी एंजिन बंद असताना निर्वेध फिरू शकते काय आणि पुढचे वाहन दोघांना मिळून थांबवू शकते काय, हे दोन प्रश्न त्याआधी सुटावे लागतात.