वज्रलेप : शब्दाचे सातत्य आणि द्रव्यांचा पालट

मराठीत ‘वज्रलेप’ हा शब्द दोन प्रकारे योजिला जातो. कधीही न पुसला जाणारा ठसा हा त्याचा लाक्षणिक अर्थ. झिजलेल्या देवमूर्तीवर केली जाणारी संरक्षक प्रक्रिया हा दुसरा. दोन्ही अर्थांत अढळपणाचा भाव समान आहे. जुन्या ग्रंथांत मात्र हे एकाच द्रव्याचे नाव नाही. निरनिराळ्या शतकांत ते निरनिराळ्या चिकटद्रव्यांना लावले गेले, आणि ती द्रव्ये चिकटण्याच्या रीतीतही परस्परांहून भिन्न आहेत. शब्द टिकला म्हणून वस्तूही टिकली असे गृहीत धरल्यास इतिहासाचा अर्थ कसा चुकतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

वराहमिहिराने इसवी सनाच्या सहाव्या शतकात रचलेल्या ‘बृहत्संहिते’त वज्रलेपाची कृती सविस्तर आली आहे. टेंभुर्णी व कवठ यांची कच्ची फळे, सावरीची फुले, सालईचे बी, धामणीची साल आणि वेखंड यांचा काढा अष्टमांश उरेपर्यंत आटवावयाचा. मग त्यात गुग्गुळ, बिब्बा, राळ, जवस, बेल इत्यादींचा कल्क मिसळावयाचा. हा लेप गरम असतानाच प्रासाद, भिंती, विहिरी, शिवलिंगे व मूर्ती यांना लावावा, असे सांगितले आहे. पुढे लाखेचा दुसरा लेप येतो. शिंगे, चामडे व केस यांपासून केलेला ‘वज्रतल’ येतो. आणि मयाच्या नावावर सांगितलेला, शिसे मुख्य असलेला ‘वज्रसंघात’ हा धातूंचा योगही येतो. म्हणजे त्या काळीच ‘वज्र’ हे पद विशिष्ट पदार्थाचे नसून पक्केपणाचे वाचक होते.

यांपैकी पहिल्या लेपाचे कार्य राळेच्या जातीचे आहे. उष्णतेने राळ पातळ होते, दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरते आणि निवताच घट्ट होते. जवसातील तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू कठीण बनते. बिब्ब्याच्या तेलातही हवेत काळे पडून कठीण होणारी द्रव्ये आहेत. घट्ट झालेल्या अशा लेपावर पाण्याचा सहसा परिणाम होत नाही; म्हणूनच तो उघड्यावरील दगडास उपयोगी.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (राज्यकाल ११२६–११३८) याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात वज्रलेप पुन्हा भेटतो. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी पद्यांमुळे परिचित आहे. त्याच्या चित्रकलाविषयक भागात वज्रलेप म्हणजे काढाही नव्हे आणि राळही नव्हे. म्हशीचे कातडे पाण्यात लोण्यासारखे मऊ होईतो शिजवावे, त्याच्या कांड्या करून वाळवाव्यात, आणि लागेल तेव्हा गरम पाण्यात विरघळवून रंगांत कालवाव्यात, असे तेथे म्हटले आहे. सुतार ज्याला ‘सरस’ म्हणतो तेच हे द्रव्य होय.

सरसाचे कार्य निराळ्या तत्त्वावर चालते. कातड्यातील कोलॅजेन या प्रथिनाच्या पिळलेल्या तंतूंचा पीळ उकळत्या पाण्यात सुटतो. या प्रथिनाचे नावही ‘सरस’ या अर्थाच्या ‘कोला’ या ग्रीक शब्दावरून पडले आहे. द्रावण निवू लागले की तंतू अंशतः पुन्हा गुंफले जाऊन खिरीसारखा पाक बनतो, आणि पाणी उडून गेल्यावर सांधा आवळला जातो. मात्र ऊब व ओल मिळताच तो पुन्हा सैल होतो. खळ व डिंक यांचीही प्रकृती बरीचशी अशीच. त्यांतील शर्करांच्या लांब साखळ्या पाणी गेल्याने धरतात आणि पाणी आल्याने सोडतात.

येथे शब्दाचा दुसरा धडा मिळतो. ‘सरस’ हा शब्द फारसी ‘सिरीश’पासून आला, हिंदीत त्याचे रूप ‘सरेस’ असे आहे. मराठीत तो उच्चाराने ‘रसयुक्त’ या अर्थाच्या संस्कृत ‘सरस’शी एकरूप झाला, तरी दोहोंचा संबंध नाही. शब्द फारसी, म्हणून वस्तूही तिकडून आली, असा निष्कर्ष मात्र ‘मानसोल्लासा’पुढे टिकत नाही. वज्रलेपाच्या बाबतीत नाव जुने राहून द्रव्य बदलले. सरसाच्या बाबतीत द्रव्य जुने राहून नाव बदलले.

विसाव्या शतकात दोन्ही ठिकाणी नवी द्रव्ये आली. मुंबईत १९५९ साली निघालेल्या ‘फेविकॉल’ या पांढऱ्या संश्लिष्ट चिकटद्रव्याने, तापविण्याची गरज नसल्यामुळे, सुताराच्या सरसाची जागा घेतली. मूर्तींच्या वज्रलेपातही सामान्यतः संश्लिष्ट राळी आल्या. त्यांपैकी इपॉक्सी जातीच्या राळेत दोन घटकांची रासायनिक प्रक्रिया होऊन रेणूंचे जाळे विणले जाते. ते पुढे पाण्याने विरघळत नाही आणि उष्णतेने वितळतही नाही.

हा भेद केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा नाही. अजिंठ्याची चित्रे सुक्या गिलाव्यावर चिकटद्रव्यात कालवलेल्या रंगांनी काढलेली आहेत. निजाम सरकारने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी १९२०–२२ मध्ये त्यांच्या संरक्षणार्थ लाखेचे रोगण वापरले. लाख प्रथम मद्यार्कात सहज विरघळते. पण काळ लोटतो तसे तिचे रेणू एकमेकांशी जुळत जातात, ती पिवळी पडते आणि विरघळेनाशी होते. अजिंठ्याचे रोगणही काळवंडले, आणि ते उतरविण्याचे नाजूक काम पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला करावे लागले. पक्के धरणे हा चिकटद्रव्याचा गुण खरा. परंतु पुराणवस्तूच्या बाबतीत गरज पडेल तेव्हा सुटणे हाही तितकाच मोठा गुण ठरतो.

तेव्हा ‘वज्रलेप’ या शब्दाची कोशातील नोंद ग्रंथ व शतक यांच्या निर्देशाशिवाय अपुरी राहील. एखाद्या मूर्तीवर वज्रलेप झाला, एवढ्या उल्लेखावरूनही पुढील संरक्षकाला काही उमगणार नाही. कोणते द्रव्य, कोणत्या साली आणि कोणत्या रीतीने लावले, याची नोंद त्याबरोबर असावयास हवी.