बागेत किंवा समुद्रकिनारी छोटं लग्न: परवानगी कुणाची आणि कायदा काय सांगतो?

मंगल कार्यालयाचा खर्च टाळून वीस-पंचवीस माणसांत, महापालिकेच्या बागेत किंवा चौपाटीवर लग्न करण्याची कल्पना अनेक जोडप्यांना आवडते. पण अशा लग्नात दोन वेगवेगळे प्रश्न असतात. पहिला, जागा वापरायची परवानगी. दुसरा, लग्न कायद्याने वैध ठरणं. एकाचं उत्तर मिळालं म्हणून दुसऱ्याचं आपोआप मिळत नाही.

जागा कुणाची आहे?

सार्वजनिक म्हणजे सर्वांसाठी खुली. पण तिची देखभाल करणारी यंत्रणा असतेच. महापालिकेच्या बागेसाठी उद्यान विभाग किंवा वॉर्ड ऑफिसकडे लेखी अर्ज करावा लागतो. तारीख, वेळ, माणसांची संख्या, खुर्च्या, मंडप आणि स्पीकर यांचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा. प्रत्येक शहराचे नियम व शुल्क वेगळं असतं आणि काही बागांत खासगी समारंभांना मनाई असते. म्हणून पत्रिका छापण्याआधी लेखी उत्तर हातात हवं.

परवानगी मिळाली तरी बाग त्या तासापुरती खासगी होत नाही. फिरायला आलेल्यांना अडवता येत नाही.

शनिवारवाड्यासारख्या केंद्र संरक्षित वास्तूंचे नियम आणखी कडक आहेत. 1959च्या नियमांनुसार तिथे पार्टी, स्वागत समारंभ किंवा करमणुकीच्या कार्यक्रमासाठी केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते.

स्पीकर लावता येईल का?

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार लाऊडस्पीकरसाठी लेखी परवानगी आवश्यक आहे. रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालयाभोवतीचा 100 मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो. मुंबईतलं शिवाजी पार्क 2010 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने शांतता क्षेत्र झालं. पंचवीस माणसांसाठी स्पीकरशिवायच्या मंगलाष्टका पुरेशा असतात आणि एक अर्जही वाचतो.

लग्न वैध कसं ठरतं?

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 7 नुसार वर किंवा वधू, यांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी व्हावे लागतात. त्या रूढीत सप्तपदी असेल, तर अग्नीसमोर सातवं पाऊल पडल्यावर विवाह पूर्ण होतो.

एप्रिल 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हे ठामपणे सांगितलं. जोडप्याकडे विवाहाचं प्रमाणपत्र होतं, नोंदणीही झाली होती. पण विधी झालेच नव्हते. न्यायालयाने तो हिंदू विवाह मानला नाही. नोंदणी हा झालेल्या विवाहाचा पुरावा असतो. न झालेला विवाह नोंदणीने होत नाही.

बागेतल्या लग्नाला हा मुद्दा थेट लागू होतो. बागेत अग्नी पेटवायला मनाई असेल आणि घरच्या रूढीत सप्तपदी असेल, तर फक्त हार घालून व फोटो काढून भागत नाही. सप्तपदी घरी किंवा छोट्या हॉलमध्ये करून बागेत बाकीचा सोहळा ठेवता येतो.

विशेष विवाह कायद्याचा मार्ग

धर्म वेगळे असतील किंवा विधी नकोच असतील, तर विशेष विवाह कायदा, 1954 आहे. वर-वधूंपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान 30 दिवस वास्तव्य केलेलं असावं लागतं. तिथल्या विवाह अधिकाऱ्याला नोटीस दिल्यावर 30 दिवस आक्षेपांसाठी असतात. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही, तर ती रद्द होते.

उदाहरणार्थ, 1 डिसेंबरला नोटीस दिली आणि आक्षेप आला नाही, तर साधारण जानेवारीची सुरुवात ते फेब्रुवारीअखेर एवढाच अवधी मिळतो.

लग्नाच्या वेळी तीन साक्षीदार लागतात. विवाह अधिकारी आणि साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना कायदेशीर पती-पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचं म्हणावं लागतं. हे मराठीतही म्हणता येतं. कलम 12 नुसार वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या ठिकाणीही, जादा शुल्क भरून, असा विवाह लावता येतो. मात्र त्यासाठी अधिकाऱ्याशी आधी बोलावं लागतं. नाहीतर सकाळी कार्यालयात सही आणि संध्याकाळी बागेत सोहळा हा सोपा पर्याय आहे.

धार्मिक विधीने लग्न झालं असेल, तर महाराष्ट्राच्या 1998च्या कायद्यानुसार 90 दिवसांत नोंदणी करावी. त्यालाही तीन साक्षीदार लागतात.

तारीख ठरवताना

- जून ते सप्टेंबर टाळावा. इतर महिन्यांतही छपराचा एक पर्याय हाताशी असावा.
- चौपाटीवर भरतीची वेळ पाहावी. भरती रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे आज ज्या वेळी वाळू मोकळी दिसते, त्या वेळी पुढच्या आठवड्यात तिथे पाणी असू शकतं. पौर्णिमा-अमावस्येच्या सुमारास उधाण असतं.
- आजी-आजोबांसाठी सावली, बसायची सोय आणि जवळचं स्वच्छतागृह आधी बघून ठेवावं.
- थर्माकोलच्या ताटल्या आणि प्लास्टिकच्या एकदाच वापरायच्या वस्तूंवर राज्यात 2018 पासून बंदी आहे.
- अक्षता, फुलं आणि हार गोळा करायला दोन माणसं नेमावीत. जागा होती तशी परत करणं ही आयोजकांचीच जबाबदारी असते.
- परवानगीची छापील प्रत लग्नाच्या दिवशी जवळ ठेवावी. सुरक्षारक्षक ती मागू शकतो.