स्मेल, ओडर, स्टिंक की स्टेंच? घाण वासासाठी नेमका इंग्रजी शब्द कोणता?

सोसायटीच्या मागे कचरा साठलाय, घरात गॅसचा वास येतोय, भाड्याच्या खोलीत ओल आलीय. मराठीत तिन्ही वेळा 'वास येतोय' म्हटलं की भागतं. पण हेच इंग्रजीत कळवायचं झालं की स्मेल, ओडर, स्टिंक, स्टेंच असे चार शब्द समोर येतात. शब्दकोशात चौघांचे अर्थ जवळपास सारखेच दिसतात. मग फरक काय?

स्मेल : रोजचा शब्द

'स्मेल' चांगल्या आणि वाईट अशा दोन्ही वासांना चालतो. मात्र विशेषण लावलं नाही, तर अर्थ बहुतेक वेळा वाईटच निघतो. मराठीतही 'भाजीला वास येतोय' म्हणजे ती खराब झाली. म्हणूनच 'यू स्मेल' हे वाक्य समोरच्याचा अपमान ठरतं. त्याला वास जाणवतोय का, हे विचारायचं असेल तर 'कॅन यू स्मेल इट?' म्हणावं.

ओडर : कागदावरचा शब्द

लॅटिनमधून आलेला हा शब्द अर्ज, अहवाल आणि उत्पादनांच्या वेष्टनांवर दिसतो. त्यात राग नसतो. घामाच्या वासाला 'बॉडी ओडर' म्हणतात, तेही याच कारणाने. महापालिकेकडे तक्रार करताना 'फाउल ओडर' शोभतो.

स्टिंक : बोलण्यातला, वैतागाचा

हा अनौपचारिक शब्द आहे. मित्राच्या बुटांबद्दल चालेल, साहेबांच्या डब्याबद्दल नाही. 1858 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये सांडपाण्याने भरलेल्या थेम्स नदीला असह्य वास सुटला. ती घटना 'ग्रेट स्टिंक' म्हणूनच ओळखली जाते. नदीकाठच्या संसदेलाही त्रास झाला आणि त्याच वर्षी नव्या गटारांसाठी कायदा झाला. एखाद्या गोष्टीवरून बोंबाबोंब करण्यालाही इंग्रजीत 'स्टिंक' करणं म्हणतात.

स्टेंच : सगळ्यात तीव्र

कुजलेलं मांस, तुंबलेलं गटार, मेलेलं जनावर. नाकाला रुमाल लावावा लागतो, तिथे 'स्टेंच'. फ्रीजमधल्या शिळ्या वरणासाठी तो वापरला, तर तक्रार अतिशयोक्त वाटते. गंमत म्हणजे स्टिंक आणि स्टेंच एकाच जुन्या इंग्रजी मुळातून आलेत आणि तेव्हा ते सुवासालाही चालायचे.

वास कसला, हेही सांगा

शब्द कितीही जोरकस असला, तरी वास कशाचा हे त्यातून कळत नाही. ते काम विशेषण करतं. कुबट म्हणजे 'मस्टी', खवट म्हणजे 'रॅन्सिड', आंबूस म्हणजे 'सावर'. घरमालकाला 'बॅड स्मेल' कळवलं तर तो रूम फ्रेशनर सुचवेल. 'मस्टी स्मेल' म्हटलं की भिंतीतली ओल तपासावी लागेल.

गॅसच्या वेळी शब्द शोधू नका

स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन हे उग्र वासाचं रसायन मिसळतात. तो वास आला तर रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि बाहेर जाऊन 1906 या हेल्पलाइनवर फोन करा. तिथे 'गॅस स्मेल' एवढे दोनच शब्द पुरतात.

थोडक्यात, माहिती द्यायची तर स्मेल, लेखी तक्रार करायची तर ओडर, वैताग सांगायचा तर स्टिंक आणि खरोखर असह्य असेल तरच स्टेंच.