अस्वलांचा उपद्रव आणि मृगयेचें शासन

वन्य श्वापदांचा उपद्रव हा विषय इतिहाससंशोधकांनीं बहुधा शिकाऱ्यांच्या स्वाधीन केलेला दिसतो. वस्तुतः तो दप्तराचा विषय आहे. कोणतें जनावर मारावें, कोणीं मारावें आणि मारणारास काय द्यावें, हे प्रश्न निरनिराळ्या राजवटींनीं लेखी सोडविले आहेत. उपद्रवी जनावरांची शिकार मोकळी करावी अशी मागणी हल्लींही अधूनमधून होते. तेव्हां जुने नियम काय सांगतात हें पाहणें अप्रस्तुत होणार नाहीं. येथें आम्हीं अस्वलापुरताच विचार योजिला आहे.

अस्वलाचें संस्कृत नांव ऋक्ष. सात कुलपर्वतांत ऋक्षवान् पर्वत गणिला आहे, यावरून या प्राण्याचा व विंध्य-सातपुड्याकडील रानांचा संबंध किती जुना आहे हें ध्यानांत येईल. आपल्याकडील अस्वलाचा निर्वाह मुख्यतः वाळवी, मुंग्या, मध, रानफळें व मोहाचीं फुलें यांवर होतो. मनुष्य हें त्याचें भक्ष्य नव्हे. परंतु त्याची दृष्टि मंद असल्यामुळें माणूस अगदीं जवळ येईपर्यंत त्यास कळत नाहीं, आणि कळतांच तें अंगावर धांवून येतें. चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें पहाटे गळतात. तीं वेंचण्यास गरीब लोक व अस्वल एकाच झाडाखालीं येतात. १९८९ ते १९९४ या पांच वर्षांत तत्कालीन मध्यप्रदेशांत अस्वलांनीं ७३५ माणसांस जखमी वा ठार केलें. त्यांपैकीं ४८ मृत्यु पावलीं. वांचलेल्यांपैकीं अनेकांचे चेहरे कायमचे विद्रूप झाले. म्हणून हा उपद्रव कोणीं हलका लेखूं नये.

आतां प्राचीन प्रमाण पाहूं. तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिलेल्या हस्तलिखितावरून आर. शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र उजेडांत आणिलें व १९०९ सालीं मूळ ग्रंथ छापून निघाला. त्याच्या चौथ्या अधिकरणांत आठ दैवी आपत्ति सांगितल्या आहेत. त्यांत 'व्याल' म्हणजे हिंस्र श्वापद ही एक आहे. या शब्दाच्या व्याप्तींत अस्वल सहज येतें. उपाय असे: मादक रस घातलेलीं जनावरांचीं प्रेतें टाकावीं, पारध्यांनीं व कुत्री बाळगणारांनीं पिंजरे व खड्डे योजावे, चिलखत घातलेल्या शस्त्रधारी पुरुषांनीं श्वापदास मारावें. श्वापदानें धरलेल्या माणसाच्या मदतीस जो जाणार नाहीं त्यास बारा पण दंड. आणि श्वापद मारणारास लाभही तितकाच. दंड व बक्षीस यांची रक्कम एकच ठेवण्यांत मोठें मर्म आहे. येथें शिकार ही शेजाऱ्यास वांचविण्याच्या कर्तव्याची दुसरी बाजू ठरते.

त्याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणांतील सूनाध्यक्षाचें प्रकरण याहून सूक्ष्म आहे. अभय दिलेल्या प्राण्यास मारणारास तेथें उत्तम दंड सांगितला आहे. मात्र अशा प्राण्यांपैकीं एखादा दुष्ट निघाल्यास संरक्षित स्थानाबाहेर त्याचा वध किंवा बंध करावा, असा अपवाद आहे. अर्थात् दोष त्या जनावराचा, त्याच्या जातीचा नव्हे.

इंग्रजी अमलांत ही दृष्टि पालटली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वाघ, बिबळे, लांडगे, अस्वलें यांनीं मारलेलीं माणसें व लोकांनीं मारलेलीं जनावरें यांचीं कोष्टकें सरकार दरसाल प्रसिद्ध करूं लागलें. मारलेल्या जनावराचें मुंडकें वा कातडें दाखविलें कीं सरकारी तिजोरींतून बक्षीस मिळे. नांव झालेल्या नरभक्षकावर अधिक रक्कम लावीत, हें खरें. परंतु सामान्य बक्षिसास मारलेल्या अस्वलानें कोणास दुखविलें होतें काय, हा प्रश्न आड येत नसे. उलट १८७८ च्या शस्त्रांच्या कायद्यानें खेडुतास बंदुकीसाठीं परवाना लागूं लागला. मोहाच्या झाडाखालीं पहाटे जाणारा निःशस्त्र राहिला आणि दूरच्या डोंगरांतील निरुपद्रवी अस्वल कोष्टकांत जमा झालें. अशा जमेनें त्या झाडाखालची गांठ कशी टळणार?

शिकारीचें खरें प्रयोजन कोठें असतें हें बंगळूरचे शिकारी केनेथ अँडरसन यांनीं १९५७ च्या आपल्या ग्रंथांत वर्णिलेल्या प्रसंगावरून समजतें. म्हैसूर प्रांतांत अरसीकेरेच्या बाजूस एका अस्वलानें निदान बारा माणसें मारलीं व कित्येक जखमी केलीं. अँडरसन यांनीं त्याच एका अस्वलाचा माग काढून तें मारलें. सर्व रान धुंडून अस्वलें संपविण्याची आवश्यकता पडली नाहीं.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें चाक पुन्हां जुन्या मार्गावर आणिलें असें आमचें मत आहे. अस्वल आज पहिल्या अनुसूचींत आहे. तें मनुष्याच्या जिवास धोकादायक झालें असेल, किंवा बरें न होण्याइतकें विकल वा रोगग्रस्त असेल, तरच मुख्य वन्यजीव रक्षकास कारणें नमूद करून शिकारीचा लेखी हुकूम देतां येतो; पिकांची हानि एवढें कारण पुरत नाहीं. त्यास पकडणें, बेशुद्ध करणें वा अन्यत्र नेणें अशक्य असल्याची खात्री झाल्यावांचून वधाचा हुकूम देऊं नये, असें २००२ च्या दुरुस्तीनें घातलें. स्वसंरक्षणार्थ सद्भावनेनें केलेला वध गुन्हा ठरत नाहीं. कौटिल्याचा वध-बंध हा विकल्प येथें बंध आधीं व वध मागाहून, अशा क्रमानें आला आहे. बारा पण दंडामागची शेजारधर्माची कल्पना मात्र कायद्यांत उतरली नाहीं; ती गांवकऱ्यांनीं टोळीनें, बोलत, उजाडल्यावर मोह वेंचण्यास जाऊन पाळावयाची आहे.

तात्पर्य, शिकार हा उपाय जुना व मान्य आहे, पण त्यापूर्वीं कोणतें अस्वल, कोठें व कोणत्या अपराधासाठीं, याचा निर्णय झाला पाहिजे. वऱ्हाड, नागपूर, चांदा या भागांतील ज्या संग्राहकांच्या दप्तरांत श्वापदांच्या बक्षिसाच्या पावत्या, पारध्यांस दिलेल्या इनामाचीं पत्रें किंवा गांवकामगारांचे अर्ज असतील, त्यांनीं ते किरकोळ समजून रद्दींत घालूं नयेत. बक्षीस कोणत्या गांवीं, कोणत्या महिन्यांत व कोणत्या घटनेनंतर दिलें, एवढें जरी त्यांवरून जुळवितां आलें, तरी वरील मताची परीक्षा होईल.