बुडालेले सामान, बांधलेले सामान : बेने इस्रायलांचे दोन प्रवास

१/
खारदांड्यासारख्या कोळीवाड्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की कोळिणींच्या पाट्यांत सगळी मासळी एकत्र येते: रावस, बोय, कोळंबी, कुर्ल्या, मुशी. या सरमिसळीतून खवले आणि पर असलेला मासा तेवढा निवडणारे एक गिऱ्हाईक उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर शतकानुशतके होते. कोळंबी आणि कुर्ल्या त्याला वर्ज्य होत्या. हा समाज म्हणजे बेने इस्रायल, मराठी बोलणारे कोकणातले ज्यू. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजातील बहुसंख्य कुटुंबांनी इस्रायलची वाट धरली. जाताना काय न्यायचे आणि काय मागे ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा प्रत्येक घरात उभा राहिला.

२/
या प्रश्नाला एक जुनी पार्श्वभूमी आहे. समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी समुद्रमार्गे आले आणि अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ त्यांचे जहाज फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. वाहून आलेली प्रेते नवगावलाच पुरली. ती जागा आजही दाखवली जाते. या घटनेच्या काळाविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र कथेतला एक तपशील समाजाने कधीच विसरू दिला नाही: त्या दिवशी सगळे सामान बुडाले आणि त्याबरोबर धर्मग्रंथही बुडाले.

३/
ग्रंथ गेले, पण अंगवळणी पडलेल्या गोष्टी उरल्या. शनिवारी काम न करणे, मुलाची आठव्या दिवशी सुंता करणे, मांस-मासळीचे नियम पाळणे आणि ‘शेमा’ या प्रार्थनेचे शब्द. तेलाचा घाणा चालवणे हा या लोकांचा मुख्य व्यवसाय झाला. आठवड्यातून एक दिवस त्यांचा घाणा बंद असे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. शेजाऱ्यांच्या लेखी ते गावातलेच होते. भाषा मराठी, नेसण मराठी, आडनाव गावावरून पडलेले. वेगळेपणा दिसे तो शनिवारी आणि चुलीपाशी.

४/
पुढे केव्हातरी डेव्हिड रहाबी नावाचे एक विद्वान ज्यू या भागात आले, असे परंपरा सांगते. हे लोक खरोखरच आपल्यापैकी आहेत का, हे त्यांना पाहायचे होते. त्यांनी स्त्रियांपुढे निरनिराळी मासळी एकत्र ठेवली आणि रांधायला सांगितले. स्त्रियांनी खवले आणि पर नसलेले मासे बाजूला काढले. रहाबींची खात्री पटली. त्यांनी काही तरुणांना धर्माचे शिक्षण दिले आणि तेच पुढे समाजाचे ‘काजी’ झाले. ही समाजाची पहिली परीक्षा. तिच्यात ना कागद मागितला गेला, ना वंशावळ. पुरावा होता बायकांच्या हातातल्या सवयीचा.

५/
बुडालेले ग्रंथ परत मिळवण्याचे काम मुंबईत झाले. अठराव्या शतकापासून अनेक कुटुंबे कोकणातून मुंबईत आली आणि लष्करात, कारागिरीत, पुढे सरकारी नोकऱ्यांत शिरली. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर यांनी मांडवी भागात शहरातले पहिले सिनेगॉग उभारले. १८३२ मध्ये जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ हिब्रू आणि मराठी अशा जोडभाषेत १८४६ मध्ये मुंबईत निघाला, मग १८७४ मध्ये पुण्यात. पुण्याच्या आवृत्तीतल्या चित्रांत बिनखमिराची भाकर करणाऱ्या बायका लुगडे नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत.

६/
१८८० च्या सुमारास या समाजात कीर्तनही सुरू झाले. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे मराठी कीर्तनाच्या चालीवर गायली जाऊ लागली. अलिबाग, रेवदंडा, पनवेल, ठाणे येथे सिनेगॉग उभे राहिले. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत समाजासाठी शाळा काढली. याच केहिमकरांनी समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहिला. हस्तलिखित १८९७ मध्ये तयार होते, पण ग्रंथ छापला गेला १९३७ मध्ये आणि तोही तेल अवीवला. समाजाच्या इतिहासाची पोथी समाजाच्या आधीच पुढे जाऊन पोहोचली होती.

७/
मे १९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाले. सप्टेंबर १९५० मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. त्या काळात बेने इस्रायलांची संख्या सुमारे २० हजार होती. जगातील अनेक ज्यू समाज छळामुळे घर सोडत होते. कोकणात आणि मुंबईत तसे काही घडले नव्हते. शेजाऱ्यांनी कधी दार फोडले नव्हते. म्हणून येथे निघण्याची घाई नव्हती, आणि घाई नसल्यामुळेच निवड अवघड होती. जीव वाचवण्यासाठी पळणारा माणूस हाताला येईल ते उचलतो. विचार करून निघणाऱ्याला प्रत्येक वस्तूपुढे थांबावे लागते.

८/
काही गोष्टींचा निर्णय कायद्याने आणि निसर्गाने आधीच करून टाकला होता. १९४७ च्या परकीय चलन नियंत्रण कायद्यामुळे साठवलेले पैसे मनाला येतील तसे देशाबाहेर नेता येत नव्हते. जमीन, घर, चाळीतली खोली मागेच राहणार होती. नोकरीतली ज्येष्ठता पेटीत भरता येत नाही. नवगावची कबरस्ताने हलणार नव्हती. प्रवास बव्हंशी विमानाचा होता, म्हणजे वजनही मोजूनच घ्यायचे. उरली ती पेटी आणि तिच्यातली जागा. ती कपड्यांना द्यायची, भांड्यांना द्यायची की पुस्तकांना?

९/
सिनेगॉगपुढचा प्रश्न याहून कठीण होता. ज्यू धर्मात सामुदायिक प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. कोकणातल्या लहान गावांत एकेक कुटुंब निघत गेले, तशी ही संख्या आधी काठावर आली आणि मग पुरेनाशी झाली. निघणारा गृहस्थ आपल्याबरोबर गावाच्या प्रार्थनेचा दहावा माणूसही घेऊन जात असे. मग सिनेगॉगमधल्या तोराच्या गुंडाळ्यांचे काय करायचे? चर्मपटावर हाताने लिहिलेली ही गुंडाळी वाचली जावी, अशी धर्माची अपेक्षा असते. वाचणारे उरले नाहीत, तेथून अनेक गुंडाळ्या इस्रायलला गेल्या. काही स्थानिक सिनेगॉगमध्येच राहिल्या.

१०/
कोचीच्या ज्यूंशी तुलना केली, तर फरक ठळक होतो. १९५० च्या दशकात तेथील बहुतेक लोक काही वर्षांतच मोठ्या गटांनी गेले. पुढे तेथील एका सिनेगॉगचा लाकडी अंतर्भाग जेरुसलेमच्या इस्रायल म्युझियममध्ये बसवण्यात आला. बेने इस्रायल मात्र दशकानुदशके, कुटुंबाकुटुंबाने जात राहिले. त्यामुळे काय न्यायचे याचा सामुदायिक ठराव कधी झालाच नाही. थोरला भाऊ गेला, धाकटा राहिला. मुलगी गेली, आईवडील राहिले. वडिलोपार्जित प्रार्थनेचे पुस्तक कोणाकडे जाणार, हे ज्याच्या त्याच्या घरात ठरले.

११/
तेथे पोहोचल्यावर सामानाचा अर्थ उलटा झाला. कोकणात शनिवार पाळणे ही वेगळेपणाची खूण होती; इस्रायलमध्ये सगळा देशच शनिवारी बंद. येथे ज्यू म्हणून ओळख देणारी प्रत्येक गोष्ट तेथे सर्वसामान्य ठरली. उलट साडी, काळ्या मण्यांचे मंगळसूत्र, मेंदी, मराठी बोली, जेवणातले नारळाचे वाटण, या येथे कोणाच्याही ध्यानात न येणाऱ्या गोष्टी तेथे त्यांची ओळख झाल्या. कोकणात ते ज्यू होते. नेगेवच्या वाळवंटात ते हिंदी झाले. बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या वसाहतींत त्यांना मराठी माणूस म्हणून नव्याने जगावे लागले.

१२/
सगळ्यांना ते जमले नाही. १९५१ मध्ये काही बेने इस्रायलांनी काम आणि वागणुकीतील भेदभावाची तक्रार करत धरणे धरले व भारतात परत पाठवण्याची मागणी केली. १९५२ मध्ये शंभरहून अधिक जण परत आले. यांपैकी बहुतेक पुढे पुन्हा इस्रायलला गेले. एकाच आयुष्यात तीनदा सामान बांधलेली ही माणसे. भारतात परतल्यावर सोडलेली नोकरी आणि खोली तशीच वाट पाहत नव्हती. मागे ठेवलेल्या गोष्टी मागे ठेवलेल्या जागीच राहतात, हा समज त्यांनी मोडताना पाहिला.

१३/
मग दुसरी परीक्षा आली. समाजातील विवाह ग्राह्य असल्याचा निर्णय आधी झालेला असतानाही, १९६२ मध्ये इस्रायलच्या प्रमुख धर्मपीठाने विवाह नोंदवणाऱ्या अधिकाऱ्यांना एक सूचना केली: बेने इस्रायल वधूवरांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. इतकी शतके ज्यू जगापासून दूर राहिल्याने घटस्फोटाचे आणि विवाहाचे धर्मनियम पाळले गेले असतील का, ही शंका त्यामागे होती. आजी कोण, पणजी कोण, याचे उत्तर द्यायचे होते. जहाजफुटीपासूनची वंशावळ कोणाच्या पेटीत असणार? घरात आपण कोण आहोत हे सिद्ध करणारी वस्तू बरोबर न्यावी लागेल, हे मुंबईत सामान बांधताना कोणाच्या मनातही आले नसेल.

१४/
समाजाने हे मुकाट्याने सोसले नाही. निदर्शने झाली. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायल जेरुसलेममध्ये धरणे देऊन बसले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने ठराव करून सांगितले की, बेने इस्रायल हे सर्व बाबतींत ज्यूच आहेत आणि त्यांचे हक्क इतरांसारखेच आहेत. त्याच महिन्याच्या अखेरीस धर्मपीठाने सूचनेतून या समाजाचा उल्लेख काढला. रहाबींनी पाटीतल्या मासळीवरून जे एका बैठकीत ओळखले, त्यासाठी या वेळी दोन वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले.

१५/
त्यानंतरच्या पिढ्यांत काय टिकले? ‘मलिदा’ टिकला. भिजवलेले पोहे, ओला नारळ, साखर, वेलची आणि फळे यांचे ताट एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने मांडायचे, नवस फेडायचा, शुभकार्याची सुरुवात करायची. एलियाचा रथ अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावरून स्वर्गात गेला, अशी समाजाची श्रद्धा आहे. जगातील अन्य कोणत्याही ज्यू समाजात हा विधी या रूपात नाही. पोहे आणि नारळ जेथे मिळतील तेथे तो करता येतो, आणि त्यासाठी दहा पुरुषांची अट आड येत नाही.

१६/
सणांची नावेही टिकली. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण उपवासानंतर पानात मोड आलेल्या वालाचे बिरडे असे. नववर्षाला गव्हाच्या चिकाचा हलवा. लग्नाआधी मेंदीची रात्र. इस्रायलमधून ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघू लागले. नवगावकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर ही आडनावे काहींनी हिब्रू नावांनी बदलली, काहींनी राखली. ज्यांनी राखली, त्यांच्या दारावरच्या पाटीवर आजही कोकणातले एखादे गाव आहे. ते गाव त्यांतल्या अनेकांनी पाहिलेलेही नाही.

१७/
इकडे अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग उभे आहे. ठाण्यात १८७९ पासूनचे सिनेगॉग चालू आहे, आणि मुंबई-ठाणे परिसरात या समाजाची काही हजार माणसे राहतात. २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. इस्रायलमधून येणारी कुटुंबे नवगावची स्मशानभूमी पाहतात, खंडाळ्याच्या खडकाशी मलिदा करतात.

१८/
पहिल्या प्रवासात समुद्राने सगळे नेले, आणि सवयींनी समाज टिकवला. दुसऱ्या प्रवासात सामान सुखरूप पोहोचले. तरीही संकटाच्या वेळी पेटीतले काही कामी आले नाही, आणि पुढे जे टिकले त्यातले बरेचसे पेटीत ठेवलेच नव्हते. नारळ कसा खवायचा, वाल किती मोडाचा घ्यायचा, पाटीतला कोणता मासा बाजूला काढायचा, हे ज्ञान कोणी वजन करून घेतले नाही. ते हातांतून हातांत गेले, आणि ते हात मुख्यत्वे बायकांचे होते. दोन्ही परीक्षांत प्रश्न त्यांच्याचविषयी होता. पहिल्या वेळी त्यांच्या रांधण्यावर विश्वास ठेवला गेला, दुसऱ्या वेळी त्यांच्या आजी-पणजीचा कागद मागितला गेला.